मार्गच नसेल तर मेसेज पोचवायचा कसा? तुटक जोडणीच्या मोबाइल नेटवर्कमधलं राउटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: साठेक फिरती उपकरणं आहेत, प्रत्येकात कमी पल्ल्याचा रेडिओ. बहुतेक वेळ प्रत्येक उपकरण एकटंच असतं. अधूनमधून दोन-तीन एकमेकांच्या टप्प्यात येतात, काही सेकंद राहतात आणि पांगतात. एओडीव्ही (गरज पडेल तेव्हा मार्ग शोधणारा नेहमीचा राउटिंग प्रोटोकॉल) वापरून पाहिलं, जवळजवळ काहीच पोचलं नाही. एपिडेमिकने (भेटेल त्याला मेसेजची प्रत देणारा प्रोटोकॉल) सिम्युलेशनमध्ये झकास आकडे दिले, पण खऱ्या उपकरणांवर चढवल्यावर बफर, म्हणजे मेसेज साठवायची जागा, भरून वाहू लागले आणि सगळं कोलमडलं. आता प्रॉफेट (भेटींच्या इतिहासावरून मेसेज कुणाला द्यायचा ते ठरवणारा) घ्यावं, स्प्रे अँड वेट (मोजक्याच प्रती वाटून थांबणारा) घ्यावं, की आणखी काही?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. स्प्रे अँड वेट घ्या. एका मेसेजच्या आठ-दहा प्रतींपासून सुरुवात करा, मेसेज पोचल्याची पावती नेटवर्कभर फिरवा आणि एखादा आठवडा उपकरणांच्या भेटींची नुसती नोंद करत राहा. प्रॉफेटचा विचार ती नोंद हातात आल्यावर करू. या विषयात प्रोटोकॉलच्या नावांवरून जेवढा वाद होतो, त्याच्या पावपटही चर्चा ‘एका भेटीत किती बाइट जातात’ आणि ‘बफर भरला की काय फेकायचं’ यावर होत नाही. माझ्या अनुभवात निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

एओडीव्हीला दोष देऊ नका. आरएफसी ३५६१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्राचे क्रमांकित दस्तऐवज) २००३ साली आलेला हा प्रोटोकॉल मार्ग शोधण्यासाठी विनंती पसरवतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येईल अशी अपेक्षा धरतो. म्हणजे या क्षणी उगमापासून मुक्कामापर्यंत सलग साखळी आहे, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. ओएलएसआर हा दुसरा प्रोटोकॉलही तेच धरून चालतो, फक्त तो मार्ग आधीच काढून ठेवतो. तुमच्याकडे ती साखळी कधी तयारच होत नाही. विनंती दोन-तीन उपकरणांच्या घोळक्यात फिरते, कडेला जाऊन मरते आणि पॅकेट थोडा वेळ रांगेत थांबून टाकून दिलं जातं. टाइमआउट वाढवून काही साधणार नाही.

तुमच्या नेटवर्कमध्ये मार्ग जागेत नसतो, काळात असतो. ‘अ’ सकाळी ‘ब’ला भेटतो, ‘ब’ दुपारी ‘क’ला. त्या दोन भेटी एकाच वेळी व्हायची गरज नाही, पण मधल्या वेळात ‘ब’ने मेसेज जपून ठेवला पाहिजे. क्रमही महत्त्वाचा: ‘ब’ आणि ‘क’ आधी भेटले आणि ‘अ’ नंतर आला, तर ‘अ’चा मेसेज ‘क’कडे त्या दिवशी जात नाही, पण ‘क’चा मेसेज ‘अ’कडे जातो. भेटी त्याच असूनही एका दिशेला वाट आहे आणि उलट दिशेला नाही. नेहमीच्या राउटिंग टेबलात हे मांडायला जागाच नसते. साठवा, वाहून न्या, पुढे द्या, असं हे काम आहे. अमीन वाहदत आणि डेव्हिड बेकर यांनी २००० साली एपिडेमिक राउटिंग मांडलं ते याच पायावर. केव्हिन फॉल यांनी २००३ मध्ये विलंब सहन करणाऱ्या नेटवर्कची रचना मांडली आणि २००७ मध्ये ती आरएफसी ४८३८ म्हणून आली. त्याच्या थोडं आधी, २००१ मध्ये, ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी एक गंमतीशीर गोष्ट सिद्ध केली होती: विलंब चालणार असेल तर नोड (नेटवर्कमधली उपकरणं) फिरते असल्याने नेटवर्कची एकूण क्षमता वाढते. फिरण्याला अडचण मानायची सवय ज्यांना लागली आहे, त्यांनी तो निष्कर्ष एकदा नीट वाचावा.

आता साठ उपकरणांचा हिशेब मांडू. पुढचे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा करा. समजा, कुठलीही दोन उपकरणं सरासरी ४८ तासांत एकदा भेटतात आणि भेटी पूर्णपणे यादृच्छिक आहेत. साठ उपकरणांच्या जोड्या होतात १,७७०, म्हणजे सगळ्या नेटवर्कमध्ये मिळून तासाला साधारण ३७ भेटी.

उगम मेसेज स्वतःजवळच ठेवून मुक्कामाच्या उपकरणाची वाट पाहत बसला तर सरासरी विलंब ४८ तास. एपिडेमिकमध्ये भेटेल त्याला प्रत द्यायची, तो पुढच्याला देणार. बफर अमर्याद आणि हस्तांतरण क्षणात होतं असं धरलं तर सरासरी विलंब पावणेचार तासांवर येतो. आठ प्रतींच्या स्प्रे अँड वेटमध्ये तोच विलंब साडेसात तासांच्या आसपास राहतो. म्हणजे एपिडेमिकच्या दुप्पट. पण एका मेसेजमागे एपिडेमिकला शेवटपर्यंत ५९ वेळा हस्तांतरण करावं लागतं आणि स्प्रे अँड वेटला जास्तीत जास्त ८ वेळा.

इथवरचं गणित पाठ्यपुस्तकी आहे. खरी गोम पुढे आहे. प्रत्येक उपकरण अर्ध्या तासाला २० केबीचा एक मेसेज तयार करतं असं समजा. तासाला १२० नवे मेसेज झाले. एपिडेमिकमध्ये प्रत्येकाची ५९ हस्तांतरणं, म्हणजे तासाला ७,०८० हस्तांतरणं, आणि ती बसवायची ३७ भेटींत. एका भेटीला १९०च्या वर मेसेज, म्हणजे जवळपास पावणेचार एमबी. भेट दहा सेकंद टिकते आणि खरा वेग सेकंदाला १०० केबी मिळतो असं धरलं, तर एका भेटीत जाणार एक एमबी. मागणी पुरवठ्याच्या चौपट. स्प्रे अँड वेटचा हाच हिशेब केला तर भेटीला सव्वीसेक मेसेज, साधारण अर्धा एमबी. ते बसतं, वर थोडी जागाही उरते.

तेव्हा पावणेचार तासांचा तो आकडा तुमच्या उपकरणांवर अस्तित्वातच नव्हता. सिम्युलेटरला भेट किती टिकते आणि तिच्यात किती मावतं हे सांगितलं नसेल, तर तो प्रत्येक प्रोटोकॉलला फुकटची बँडविड्थ देतो, आणि फुकटात एपिडेमिक नेहमीच पहिला येतो. हा भेटींचा जमाखर्च कागदावर मांडायला पंधरा मिनिटं लागतात. तो न मांडता केलेली तुलना मी तरी गांभीर्याने घेत नाही.

स्प्रे अँड वेट २००५ मध्ये स्पायरोपूलोस, सूनिस आणि राघवेंद्र यांनी मांडलं. त्यातला वाटपाचा प्रकार निवडताना मात्र चूक होऊ शकते. उगमाने एकट्यानेच सात जणांना एकेक प्रत वाटायची, हा एक प्रकार. वरच्या उदाहरणात त्याला सहा तास जातात. दुसरा प्रकार दुभागणीचा: उगमाकडे आठ प्रतींचा हक्क आहे, पहिला भेटेल त्याला चारांचा हक्क दिला, स्वतःकडे चार ठेवले. आता दोघंही वाटायला मोकळे. प्रत्येक जण आपल्याकडचा निम्मा हक्क पुढच्याला देतो, आणि हक्क एकावर आला की वाटणं बंद. मग फक्त मुक्कामाचं उपकरण भेटण्याची वाट पाहायची. हे वाटप साडेतीन तासांत उरकतं. भेटी यादृच्छिक असतील तर दुभागणीहून वेगळं काही करण्याचं कारण नाही.

प्रत्यक्षात मेसेज एकदाच दिला जातो आणि त्याच्या हेडरमध्ये हक्काचा आकडा असतो. त्या आकड्यातच घोळ होतो. ‘अ’ने ‘ब’ला मेसेज दिला, ‘ब’ला तो पूर्ण मिळाला, ‘ब’ने पोच पाठवली आणि नेमकी तेव्हाच जोडणी तुटली. ‘अ’ला पोच नाही, म्हणून त्याने आपला हक्क आठच ठेवला. ‘ब’कडे चार. नेटवर्कमध्ये आठाऐवजी बारा झाले. उलट ‘अ’ने पाठवण्याआधीच हक्क कमी केला आणि मेसेज अर्धवट गेला, तर चार प्रती हवेत विरल्या. दोन्ही बाजूंना एकाच क्षणी खात्री देणारा कुठलाही उपाय तुटणाऱ्या जोडणीवर नसतो, तेव्हा दोन चुकांपैकी एक निवडावी लागते. मी फुगवट्याची निवडतो, म्हणजे पोच आल्यावरच हक्क कमी करायचा. थोड्या जास्त प्रतींनी कुणाचं बिघडत नाही, हरवलेल्या हक्काने मात्र मेसेज मरू शकतो. शिवाय पुढच्या भेटीत ‘ब’कडे तो मेसेज आधीच असल्याचं ‘अ’ला दिसतं आणि तेव्हा तो आपला आकडा दुरुस्त करू शकतो.

एक भेट आतून कशी दिसते ते सविस्तर सांगतो, कारण दहा सेकंदांतला क्रम चुकला की चांगला प्रोटोकॉलही मातीमोल होतो. पहिल्यांदा एकमेकांचा शोध. उपकरण बॅटरी वाचवायला मिनिटातून एकदाच कान उघडत असेल, तर वीस सेकंद टिकणाऱ्या भेटींपैकी दोन तृतीयांश त्याला कळतच नाहीत. अशा वेळी राउटिंग सुधारण्यात डोकं घालण्याआधी शोधाचा कालावधी तपासा. त्यानंतर पावत्यांची देवाणघेवाण: कोणते मेसेज आधीच पोचले आहेत. ही यादी सर्वांत आधी जायला हवी, कारण तिच्यामुळे पुढचं बरंच पाठवणं वाचतं. मग ‘माझ्याकडे काय काय आहे’ याचा सारांश. मग थेट समोरच्यासाठीच असलेले मेसेज. आणि सगळ्यात शेवटी वाटपाचे मेसेज, मुदत आणि हक्क पाहून क्रम लावलेले. मोठा मेसेज मध्येच घालून दहापैकी नऊ सेकंद खाऊ देऊ नका. त्याचे तुकडे करा आणि तुटलेलं हस्तांतरण पुढच्या भेटीत तिथूनच सुरू होऊ द्या.

सारांशासाठी ब्लूम फिल्टर (थोडी चूक चालवून घेऊन यादीचं केलेलं अगदी लहान रूप) वापरतात आणि ते योग्यच आहे. १६ बाइटचे हजार ओळख क्रमांक पाठवले तर १६ केबी होतात. एक टक्का चूक चालवून घेतली तर तेच काम सव्वा केबीत भागतं. चूक झाली तर काय होतं? समोरच्याकडे नसलेला मेसेज आहे असं वाटतं आणि तो पाठवला जात नाही. एक संधी गेली, एवढंच. दर भेटीला हॅशचं (मजकुरावरून छोटा ठसा काढणाऱ्या सूत्राचं) बीज बदललं की तोच मेसेज पुन्हा पुन्हा अडकत नाही. पण पावत्यांच्या यादीला ब्लूम फिल्टर लावायचा मोह अजिबात धरू नका. तिथली चूक म्हणजे न पोचलेला मेसेज पोचला असं समजून पुसून टाकणं. पावत्या पूर्ण पाठवा. त्यासाठी आठ बाइटचा हॅश पुरतो, आणि मागच्या भेटीनंतर आलेल्या नव्याच पाठवल्या तर भार क्षुल्लक असतो.

पावतीवर मी इतका भर का देतो? मेसेज पोचला तरी नेटवर्कला ते आपोआप कळत नाही. एपिडेमिकमध्ये मुक्कामाला पोचलेला मेसेज त्यानंतरही इतरांकडे पसरतच राहतो, मुदत संपेपर्यंत. वरच्याच उदाहरणात २४ तासांची मुदत धरली तर दर उपकरणाच्या बफरमध्ये २,८८० मेसेज, म्हणजे ५८ एमबीच्या आसपास साठतात, आणि त्यातले बहुतेक केव्हाच पोचलेले असतात. फोनला हे जड नाही, छोट्या मायक्रोकंट्रोलरला अशक्य आहे. पावती हीसुद्धा एपिडेमिकनेच पसरवायची. ती काही बाइटचीच असते, म्हणून तिला तो चैनीचा मार्ग परवडतो. २००६ चा मॅक्सप्रॉप हा प्रोटोकॉल, जो बसवर बसवलेल्या नोडच्या प्रत्यक्ष नेटवर्कवर तपासला गेला, त्यातही पोचलेल्या मेसेजच्या पावत्या सगळीकडे फिरवणं हा महत्त्वाचा भाग आहे.

बफर भरल्यावर काय टाकायचं, याचा माझा क्रम असा: मुदत संपलेले, मग पावती आलेले, मग हक्क एकवर आलेल्यांपैकी ज्यांची मुदत थोडीच उरली आहे ते. जास्त हक्क बाळगणारी प्रत टाकली तर तिच्याबरोबर तिचे सगळे न वाटलेले हक्क बुडतात, म्हणून ती शक्यतो जपायची. स्वतः तयार केलेला आणि अजून कुणालाही न दिलेला मेसेज सर्वांत शेवटी. ‘आधी आला तो आधी बाहेर’ हा तयार कोडमधला नियम पहिल्याच दिवशी बदला. त्यात गर्दीच्या वेळी दुसऱ्यांचं ओझं वाहताना स्वतःचेच मेसेज बाहेर पडतात.

मुदतीचाही एक गुंता आहे. उपकरणांची घड्याळं जुळलेली नसतील तर ‘अमुक वाजता संपतो’ याला अर्थ उरत नाही. विलंब सहन करणाऱ्या नेटवर्कसाठीच्या बंडल प्रोटोकॉलच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ च्या आरएफसी ९१७१ मध्ये, याची सोय आहे: नेमकं घड्याळ नसलेल्या नोडने निर्मितीची वेळ शून्य लिहायची आणि मेसेजचं वय वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं. प्रत्येक नोड आपल्याकडे मेसेज जितका वेळ राहिला तितकं त्यात मिळवत जातो. उपकरण रीस्टार्ट झालं की बंद असतानाचा वेळ हरवतो, म्हणून जोडीला हॉपची, म्हणजे मेसेज किती हातांतून जाऊ द्यायचा याची, मर्यादाही ठेवा. आणखी एक, जुन्या नोंदी वाचत असाल तर ध्यानात घ्या: आरएफसी ५०५० मध्ये असलेली, मेसेजची जबाबदारी पुढच्या नोडकडे सोपवण्याची यंत्रणा या नव्या आवृत्तीत काढून टाकली आहे. तिच्या भरवशावर काही बेतू नका.

आता प्रॉफेट. लिंडग्रेन, डोरिया आणि शेलेन यांनी २००३ मध्ये तो मांडला आणि २०१२ मध्ये तो आरएफसी ६६९३ झाला. कल्पना सरळ आहे: ज्याला जो वारंवार भेटतो, त्याच्यासाठीचा मेसेज त्याच्या हातात द्यावा. प्रत्येक नोड इतर प्रत्येकासाठी भेटीची शक्यता शून्य ते एक अशी धरून ठेवतो. भेट झाली की ती वाढते, भेट नसेल तर काळाबरोबर विरत जाते, आणि ‘माझा मित्र त्याला भेटतो’ हेही थोडं जमेस धरलं जातं.

मूळ लेखातल्या आकड्यांनी पहिल्या भेटीला ०.७५, दुसरीला ०.९४ च्या जवळ. विरण्याचा गुणक ०.९८, दर कालएककाला. हे कालएकक किती, यातच अनेकांचं घोडं पेंड खातं. ३० सेकंदांचं एकक धरलं तर तासाभरात १२० वेळा गुणाकार होतो आणि ०.७५ चे ०.०७ सुद्धा उरत नाहीत. जी उपकरणं दिवसाआड भेटतात त्यांच्या बाबतीत प्रॉफेटची आठवण मग तासाभराची. सगळ्यांचे आकडे शून्यालगत, आणि निवड होते ती गोंधळातून. तासाचं एकक धरलं तर २४ तासांनी ०.७५ चे ०.४६ राहतात, ते वापरण्याजोगं आहे. म्हणजे एकक तुमच्या दोन भेटींमधल्या अंतरावरून ठरवायचं, आणि ते अंतर नोंदीशिवाय कळत नाही. कुणी ‘प्रॉफेट आमच्याकडे चाललं नाही’ म्हटलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

दुसरी खोड अशी: दोन उपकरणं शेजारी शेजारी पडून आहेत आणि रेडिओ सारखा तुटतो-जुळतो आहे. प्रत्येक जुळणी नवी भेट धरली गेली तर शक्यता पाहता पाहता एकाजवळ पोचते, प्रत्यक्षात कुणी कुठे हललेलंही नसतं. आरएफसीमध्ये म्हणूनच मागच्या भेटीपासून किती वेळ गेला त्यावर वाढ अवलंबून ठेवली आहे, आणि मित्राच्या मित्राचा हिशेबही बदलला आहे. तयार कोड घेताना तो मूळ लेखाप्रमाणे आहे की आरएफसीप्रमाणे, हे आधी पाहून घ्या. नाव एकच असलं तरी वागणूक बरीच वेगळी आहे. आणखी एक गोष्ट विसरली जाते: नेहमीच्या रूपात प्रॉफेट प्रतींच्या संख्येवर लगाम घालत नाही. ‘माझ्यापेक्षा बरा’ दिसेल त्या प्रत्येकाला प्रत जाते. तुमचं दुखणं बफर भरण्याचं आहे, तेव्हा नुसतं प्रॉफेट हे त्यावरचं औषध नव्हे.

मग स्प्रे अँड वेट कुठे फसतं? जिथे उपकरणं गटागटांत फिरतात तिथे. आठही प्रती एकाच गटात वाटल्या गेल्या आणि मुक्काम दुसऱ्या गटात असला, तर वाट पाहणं न संपणारं. भेटींची नोंद इथेच कामाला येते. नोंदीत तीन गोष्टी पाहा. प्रत्येक जोडी किती वेळा भेटली, म्हणजे काही जोड्या कधीच भेटत नाहीत का. भेट किती टिकली. आणि त्याच जोडीच्या दोन भेटींमध्ये किती काळ गेला, ही वाटणी. नुसती सरासरी नको. माणसांनी बाळगलेल्या उपकरणांच्या नोंदींवर २००६ मध्ये शांत्रो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही अंतरं घातांकी नियमाने चटकन विरत नाहीत, त्यांची शेपटी लांब असते. पुढच्याच वर्षी कारायानिस, ल बुदेक आणि वोइनोविच यांनी दाखवलं की तो लांब शेपटीचा पट्टा साधारण अर्ध्या दिवसापर्यंत आहे, त्यापुढे पुन्हा घातांकी उतार लागतो. माझं वरचं ४८ तासांचं गणित सगळ्या जोड्या सारख्या धरून आहे, तेव्हा ते अंदाजापुरतंच घ्या. रँडम वेपॉइंट (प्रत्येक उपकरण वाटेल त्या ठिकाणी जातं असं धरणाऱ्या) नमुन्यावर चालवलेल्या सिम्युलेशनचंही तसंच आहे. त्या नमुन्यात कुणाचा कुणाशी काही संबंधच नसतो, मग संबंधांवर चालणारा प्रोटोकॉल तिथे आपला गुण दाखवणार कसा?

नोंदीत गट स्पष्ट दिसले, तर स्प्रे अँड वेटचा वाट पाहण्याचा टप्पा बदला: शेवटची एकच प्रत, पण ती आपल्यापेक्षा मुक्कामाच्या जवळच्याला हलवायची मुभा द्या. हा स्प्रे अँड फोकस. ‘जवळचा’ कोण, हे ठरवायला प्रॉफेटसारखा आकडा घ्या किंवा नुसतं ‘शेवटचं कधी भेटलो’ धरा. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो. त्याला जुळवायला आकडेच नाहीत. गटांच्या मध्ये ये-जा करणारी दोन-चार उपकरणं सापडली तर त्यांच्याकडे जास्त हक्क द्या, पण त्यांची बॅटरी आणि बफर आधी संपणार हेही धरून चाला.

भेटी वेळापत्रकाने होत असतील तर मात्र वरचं बरंचसं बाजूला ठेवता येतं. कोण कुणाला कधी भेटणार हे आधी माहीत असेल तर एक प्रत पुरते आणि मार्ग कागदावर काढता येतो. जैन, फॉल आणि पात्रा यांनी २००४ मध्ये हेच तपासलं: भविष्यातल्या भेटी, रांगा आणि भार यांची माहिती जसजशी वाढवत न्यावी तसं राउटिंग किती सुधारतं. अवकाशयानांसाठी संपर्क-आलेखावर, म्हणजे ठरलेल्या भेटींच्या नकाशावर, चालणारं राउटिंग याच जातीचं. ग्रह आणि अँटेना कधी समोरासमोर येतील हे तिथे आधीच ठरलेलं असतं. नासाने २००८ मध्ये डीप इम्पॅक्ट यानावर बंडल प्रोटोकॉलची अशी चाचणी घेतली होती. तुमच्या उपकरणांपैकी एखादं जरी ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळी फिरत असेल, तर त्याचं वेळापत्रक बाकीच्यांना देऊन टाका. त्या एका माहितीची किंमत अंदाजाच्या कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त आहे.

सुरक्षेबद्दल एकच मुद्दा, कारण तो पावतीशी बांधलेला आहे. पावती आली की सगळे मेसेज पुसतात, म्हणजे खोटी पावती पेरणारा एक नोड कुठलाही मेसेज नेटवर्कभर मारू शकतो. उपाय स्वस्तात होतो. उगमाने एक गुप्त आकडा निवडायचा, तो मुक्कामाच्या सार्वजनिक किल्लीने मजकुराबरोबर बंद करायचा आणि त्याचा हॅश उघड हेडरमध्ये ठेवायचा. मुक्कामाला मेसेज उघडल्यावर तो गुप्त आकडा मिळतो, आणि तोच पावती म्हणून सोडायचा. वाटेतला कुणीही हॅश काढून ताडून पाहू शकतो, पण मेसेज उघडल्याशिवाय पावती कुणालाच बनवता येत नाही. पूर्ण गुप्त आकडा लागत असल्याने पावती आठ बाइटवरून चोवीस-बत्तीस बाइटवर जाते, तेवढं सोसा. आणि किल्ल्या आधीच वाटून ठेवा. इथे फेरी पूर्ण व्हायला दिवस लागतो, प्रत्येक मेसेजआधी किल्ल्यांची बोलणी करायला वेळ नसतो.

शेवटी मोजमाप. तुलना करताना सरासरी विलंब हा आकडा एकटा कधीच पाहू नका. तो फक्त पोचलेल्या मेसेजचा असतो. अवघड मेसेज टाकून देऊन फक्त जवळपासचे पोचवणारा प्रोटोकॉल त्यात सगळ्यात वेगवान दिसतो. ‘तयार झालेल्या सगळ्या मेसेजपैकी सहा तासांत किती पोचले, बारा तासांत किती, चोवीस तासांत किती’ असा वक्र काढा, आणि त्याच्या शेजारी पोचलेल्या एका मेसेजमागे किती हस्तांतरणं झाली तो आकडा ठेवा. मग प्रतींची संख्या चार, आठ, सोळा करून तीन वक्र एकावर एक ठेवा. सोळाचा वक्र आठच्या खाली गेलेला दिसला, तर भेटींची क्षमता संपली आहे. तिथे प्रती वाढवण्याऐवजी मेसेज लहान करा.